गिअरबॉक्समधील ऑइलची गळती: उगम शोधण्यापासून दुरुस्तीपर्यंत

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर फरशीवर ऑइलचा डाग जिथे पडतो, त्याच्या बरोबर वर गळती असेलच असे नाही. चालत्या गाडीखालून वाहणारा वारा ऑइलला मागे ढकलतो, गिअरबॉक्सच्या कवचावरील कंगोऱ्यांतून ते वाट काढते आणि जो भाग सर्वांत खाली असेल तिथून थेंब सुटतो. सातारा शहरातील कोणत्याही गॅरेजमध्ये ‘गिअरबॉक्स ठिबकतोय’ म्हटले की ‘सील (शाफ्टभोवती बसून ऑइल अडवणारी रबरी कडी) गेलं असणार’ हे उत्तर तयार असते. ते अनेकदा खरेही निघते. परंतु गिअरबॉक्सला एक नव्हे, अनेक सील असतात, आणि त्यांतले एक बदलायला अर्धा दिवस पुरतो, तर दुसऱ्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. खर्चातील हा फरक लक्षात घेता आधी उगम निश्चित करावा आणि मगच पाना हाती घ्यावा.

गळती लहान आहे म्हणून ती अंगावर काढणे आपल्या भागात विशेष महाग पडते. इंजिनमधील ऑइलचा दाब कमी झाला तर समोर लाल दिवा लागतो. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी झाल्याचे सांगणारा असा दिवा बहुतेक गाड्यांत नसतो. लहान मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये दोन लिटरच्या आसपास ऑइल असते आणि त्यातले अर्धा लिटर गेले तरी महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला कित्येक महिने काहीच जाणवत नाही. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना किंवा कोयनेच्या बाजूने कुंभार्ली घाट ओलांडताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सतत भार राहतो, ऑइल तापून पातळ होते, गळती वाढते आणि उरलेल्या थोड्या ऑइलवरचा ताणही वाढतो. अनेक गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरची जोडी शाफ्टच्या टोकाला, वेगळ्या झाकणाखाली असते; ऑइल कमी पडले की ती लवकर कोरडी पडते. त्यामुळे केवळ पाचव्या गिअरमध्ये ऐकू येणारी बारीक गुणगुण हे टायरचा आवाज समजून सोडून देण्याजोगे लक्षण नव्हे.

कोणते द्रव गळत आहे

पहिली तपासणी फुकट होते. सपाट जागी गाडी उभी करून तिच्याखाली पांढरा कागद चिकटवलेला पुठ्ठा अंथरावा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, मागची बाजू पांढरी असलेला एखादा जुना फ्लेक्स उलटा टाकला तर अधिकच उत्तम, आणि आपल्याकडे त्यांचा तुटवडाही नाही. चारही चाकांच्या जागा त्यावर पेनने खुणेने दाखवाव्यात, म्हणजे गाडी हलवल्यानंतरही डाग कोणत्या भागाखाली पडला ते सांगता येते. सकाळी डागाला बोट लावून पाहावे, कागदावर पसरू द्यावे आणि वास घ्यावा.

मॅन्युअल गिअरबॉक्सचे ऑइल पिवळसर तपकिरी आणि दाट असते, जुने झाल्यावर काळपट होते. त्याला गंधकाचा उग्र वास येतो आणि हा वास एकदा घेतला की पुन्हा चुकत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल नवे असताना बहुधा लाल असते आणि वापराने विटकरी होत जाते. सीव्हीटीसाठीची (म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकसाठीची) काही ऑइले हिरवट किंवा निळसरही असतात, त्यामुळे केवळ लाल नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. इंजिनचे ऑइल तपकिरी किंवा काळे, डिझेल गाडीत तर अगदी काळेकुट्ट. क्लच आणि ब्रेकचे ऑइल पातळ, फिकट असते; ते गाडीच्या रंगावर पडले तर रंग उखडतो. कूलंटचा वास गोडसर असतो आणि वाळल्यावर त्याची पांढरट किंवा रंगीत पुटे राहतात. एसी चालवल्यानंतर गाडीखाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूस पडणारे स्वच्छ पाणी ही गळती नाही; उन्हाळ्यात या पाण्याला घाबरून गाडी गॅरेजला नेणारेही भेटतात.

आणखी एक फसवा प्रकार म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाऊन ते फिरवणाऱ्या दांड्याच्या) सांध्यावरील रबरी बूट फाटून बाहेर पडणारे ग्रीस. ते थेंब थेंब पडत नाही, चाकाबरोबर फिरत असल्याने रिमच्या आतल्या बाजूस आणि आसपासच्या भागांवर गोलाकार उडालेले दिसते. त्याचा गिअरबॉक्सच्या ऑइलशी संबंध नाही आणि त्याचा उपाय बूट व ग्रीस बदलणे हाच आहे.

धुवा, चालवा, पाहा

द्रव गिअरबॉक्सचेच आहे असे ठरले की गिअरबॉक्सचा संपूर्ण तळ स्वच्छ करावा. वर्षानुवर्षे साचलेली माती आणि ऑइल यांच्या थरावर ताजी गळती ओळखता येत नाही, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. डिग्रीझर किंवा ब्रेक क्लीनर मारून ब्रशने घासावे, मग कोरडे पुसावे. वॉशिंग सेंटरवर धुवून घेत असाल तर प्रेशरचा फवारा ब्रीदरवर (गिअरबॉक्सच्या वरच्या, हवा बाहेर सोडणाऱ्या टोपीवर), सीलच्या कडांवर आणि वायरींच्या कपलरवर मारू नये, असे तिथल्या मुलाला आधीच सांगून ठेवावे. अन्यथा एक गळती शोधता शोधता आत पाणी जायचे. तळाला प्लास्टिकचे आच्छादन असल्यास ते काढून ठेवावे.

कोरड्या झालेल्या कवचावर साधी टाल्कम पावडर हलकीशी भुरभुरावी आणि गाडी महामार्गाने लिंब फाट्यापर्यंत नेऊन आणावी. परत आल्यावर पावडरवर ओली रेघ दिसते. ती जिथे संपते ते ठिकाण महत्त्वाचे नाही. ती जिथे सुरू होते, म्हणजे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे ओले ठिकाण, ते शोधावे. सपाट रस्त्यावर काहीच दिसले नाही तर यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्याला एक फेरी मारावी, कारण काही सील ऑइल पुरेसे तापल्यावर आणि गाडी कलल्यावरच पाझरतात. इतके करूनही उगम सापडत नसेल तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग आणि अतिनील प्रकाशाची बॅटरी वापरून शोध घेता येतो. ही सोय मोठ्या गॅरेजमध्ये असते.

गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. दोन मजबूत घोड्या चेसिसच्या नेमून दिलेल्या जागी लावून, हँडब्रेक ओढून आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावूनच खाली शिरावे. घाटात टायरला दगड लावून काम भागते, घरच्या अंगणात भागत नाही. गाडी नुकतीच चालवलेली असेल तर सायलेन्सरचा पाइप आणि आतले ऑइल दोन्ही कातडी भाजण्याइतके तापलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

मॅन्युअल गिअरबॉक्समधील नेहमीची ठिकाणे

सर्वांत आधी ब्रीदर पाहावा, कारण त्याला खर्च नाही. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला असलेली ही छोटी टोपी किंवा नळी तापलेली हवा बाहेर जाऊ देते. पावसाळ्यात शेतरस्त्याचा आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल बसून ती बंद झाली की आत दाब वाढतो आणि धडधाकट सीलच्या कडेनेही ऑइल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी नवे सील बसवले तरी तेही काही दिवसांत ओले होते आणि मग दोष सीलच्या कंपनीवर जातो.

ड्रेन नट ओला असेल तर बहुधा त्याचा वायसर पुन्हा पुन्हा वापरलेला असतो. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा हा वायसर एकदाच दाबला जाण्यासाठी असतो. दर वेळी नवा टाकावा. गळती थांबत नाही म्हणून नट आणखी आवळण्याची सवय धोक्याची आहे. गिअरबॉक्सचे कवच अॅल्युमिनियमचे आणि नट लोखंडी असतो, त्यामुळे जोर जास्त झाला की आटे कवचाचे जातात, नटाचे नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावे. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच, स्पीड सेन्सर आणि गिअर बदलणाऱ्या दांड्याचे सील ही त्यानंतरची ठिकाणे. तिथली दुरुस्ती स्वस्त आणि सोपी असते. कवचाच्या दोन भागांच्या जोडातून ऑइल येत असेल तर बाहेरून सिलिकॉन थापून काहीही साधत नाही. आतून दाबाने येणारे ऑइल तो थर सोलून काढते, आणि पुढच्या मेकॅनिकला मात्र खरे ठिकाण शोधणे अवघड होऊन बसते.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या बेल हाउसिंगच्या तळातून थेंब पडत असेल तर प्रकरण मोठे आहे. आत तीन संशयित असतात: इंजिनच्या क्रँकचे मागचे सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील आणि ज्या गाड्यांत क्लचचा सिलेंडर आतच बसवलेला असतो तिथे तो सिलेंडर. द्रवाच्या वासावरून आणि क्लच ऑइलच्या डबीतील पातळीवरून कोण ते ओळखता येते. यांपैकी कोणीही असो, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरीचा मोठा भाग त्या उतरवण्या-चढवण्याचाच असतो. म्हणून एकदा उघडल्यावर दोन्ही सील एकदमच बदलून घ्यावीत आणि क्लच प्लेट तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑइलने भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा. अस्तरात मुरलेले ऑइल तापल्यावर पुन्हा वर येते आणि चढावर क्लच घसरतो.

ड्राइव्ह शाफ्टचे सील बदलताना

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत सर्वाधिक गळती ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथल्या सीलमधून होते. ज्याला मोटारीच्या कामाचा हात आहे त्याने ते घरी करायला हरकत नाही, पण क्रम सोडू नये.

ऑइल काढण्यापूर्वी भरण्याचा नट सैल होतो का ते पाहावे. ड्रेन नट उघडून सगळे ऑइल सांडल्यावर वरचा नट गंजून अडकला आहे असे कळले, तर गाडी जागची हलवता येत नाही. वरचा नट सुटल्याची खात्री झाली की ऑइल स्वच्छ टोपात काढावे आणि ते बोटांत चोळून पाहावे. ड्रेन नटाच्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असणे स्वाभाविक आहे. टोचणारे कण किंवा दातांचे तुकडे मिळाले तर सीलपुरते काम थांबवून आतली तपासणी करावी लागेल.

चाक, हबचा नट आणि खालचा बॉल जॉइंट सोडवून शाफ्ट बाहेर काढताना तो आतल्या सांध्याशी पहारीने हलकेच उचकटावा. मधला दांडा धरून ओढल्यास आतला सांधा सुटून वेगळा होतो. शाफ्ट हातात आल्यावर सील जिथे टेकते त्या गुळगुळीत पट्ट्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडखळले तर तिथे खाच पडली आहे, आणि त्या खाचेवर नवे सील टेकवले तरी ऑइल खालून वाट काढणारच. अशा वेळी त्या पट्ट्यावर पातळ पोलादी बाही बसवून घ्यावी किंवा सांधा बदलावा. शाफ्ट बसलेला असतानाच त्याला हाताने वर-खाली हलवून पाहिलेले असावे. अति ढिलेपणा असेल तर दोष आतल्या बेअरिंगचा आहे आणि नुसते सील फार दिवस टिकणार नाही.

जुने सील काढताना स्क्रूड्रायव्हरने कवचाच्या बैठकीवर ओरखडा पडता कामा नये. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही मापे मिलिमीटरमध्ये छापलेली असतात; ती नव्या सीलशी ताडून पाहावीत, शिवाय डावे आणि उजवे सील अनेक गाड्यांत वेगवेगळे असते. नवे सील बसवण्यापूर्वी त्याच्या आतल्या ओठाला गिअर ऑइल किंवा ग्रीस लावावे, स्प्रिंगची बाजू आत ठेवावी आणि बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके देत ते सरळ, जुन्याइतक्याच खोलीवर नेऊन बसवावे. शाफ्ट आत घालताना त्याचे दाते सीलच्या ओठाला घासू देऊ नयेत. नवे सील पहिल्याच दिवशी गळण्याचे प्रमुख कारण हेच असते. शाफ्टच्या टोकाची गोल क्लिपही शक्यतो नवी टाकावी.

ऑइल भरताना गाडी पूर्ण सपाट असावी आणि भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल येऊन किंचित ओघळू लागले की थांबावे. कोणते ऑइल, हा प्रश्न इथे निर्णायक आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेले ‘नव्वद नंबर’ ऑइल मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये ओतण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु आजच्या लहान मोटारींना सामान्यतः ७५डब्ल्यू-८० ते ७५डब्ल्यू-९० दर्जाचे पातळ ऑइल लागते आणि दाट ऑइलावर महाबळेश्वरच्या हिवाळी सकाळी पहिला गिअर पडताना हात दुखतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीएल-४ आणि जीएल-५ हे दर्जे अदलाबदलीचे नाहीत. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनांचे प्रमाण अधिक असते व ते मागच्या एक्सेलमधील क्राऊन-पिनियनसाठी (चाकांकडे शक्ती वळवणाऱ्या गिअरच्या जोडीसाठी) योग्य ठरते, पण गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते कालांतराने अपाय करू शकते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपवजा गाडीत म्हणूनच गिअरबॉक्स आणि मागचे हाउसिंग एकाच कॅनमधून भरण्याआधी पुस्तिका पाहावी.

ऑटोमॅटिक आणि एएमटी

मारुतीच्या सेलेरिओबरोबर २०१४ साली आपल्याकडे आलेली आणि पुढे अनेक गाड्यांत पसरलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप हलवते; वरील सर्व मजकूर तिलाही लागू पडतो. फरक एवढाच की त्यांतील अनेक गाड्यांत क्लच आणि गिअर हलवणाऱ्या यंत्रणेला स्वतःचे वेगळे हायड्रॉलिक ऑइल आणि छोटी टाकी असते. ते ऑइल कमी झाले तर गिअर पडेनासा होतो, म्हणून त्या टाकीची पातळी स्वतंत्रपणे पाहावी.

खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये ऑइल केवळ वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलच्या साहाय्याने जोडणाऱ्या भागातून) शक्ती तेच वाहून नेते आणि आतल्या क्लचांना दाबही तेच देते. त्यामुळे ते कमी झाल्यावर ‘डी’ टाकून गाडी हलायला उशीर होणे, चढावर इंजिनचे फेरे वाढूनही वेग न वाढणे, घाटाच्या वळणावर क्षणभर ओढ तुटणे अशी लक्षणे दिसतात. गळतीची ठिकाणे म्हणजे तळाच्या चेंबरचे पॅकिंग, कूलरकडे जाणाऱ्या नळ्यांचे सांधे, वायरींचा कपलर आणि कन्व्हर्टरजवळचे पुढचे सील. चेंबरचे बोल्ट आडव्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळावेत. एका बाजूने आवळत गेल्यास पातळ पत्रा वाकतो आणि पॅकिंग दबून बाहेर येते.

पातळी पाहण्याची रीत गाडीनुसार बदलते. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सर्व जागांवरून फिरवून आणून ‘पी’मध्ये पाहतात, डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत ठरावीक तापमानालाच तळाचा नट उघडून पाहावे लागते आणि त्यासाठी स्कॅनर लागतो. हे काम अंदाजाने करू नये. जादा भरलेले ऑइल फेसाळते आणि फेसाळलेले ऑइल दाब धरत नाही. ज्या गाडीचा ऑइल कूलर रेडिएटरमध्येच असतो तिच्या कूलंटच्या टाकीत तवंग दिसला तर गळती बाहेर नव्हे, आत होत आहे. अशी गाडी त्याच क्षणी बंद करावी, कारण ऑइलमध्ये गेलेले कूलंट क्लचांचे अस्तर सोडवते.

पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या

कृष्णेला २०१९ आणि २०२१ साली आलेल्या पुरात सांगलीत अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशा गाडीच्या बाबतीत गळतीचा प्रश्न उलटा होतो: बाहेरचे पाणी ब्रीदरमधून आणि थंड झालेल्या सीलमधून आत शिरते. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नये व ओढूनही फार नेऊ नये. गिअरबॉक्सचा ड्रेन नट हळूच सैल केला तर आधी पाणी येते, कारण ते जड असल्याने तळाशी बसलेले असते. गाडी हलली असेल तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसते. ते पूर्ण काढून स्वस्त परंतु योग्य दर्जाचे ऑइल भरावे, थोडे अंतर चालवून काढावे आणि निघणारे ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. सील मात्र लगेच बदलून घ्यावीत. ओठाखाली अडकलेला गाळाचा कण शाफ्टला खाच पाडत राहतो. वापरलेली गाडी विकत घेताना नदीकाठच्या भागात भरण्याचा नट उघडून ऑइलचा रंग पाहण्याचा आग्रह धरावा, आणि विकणारा नाखूश झाला तर तेही एक उत्तरच समजावे.

रस्त्यात गळती लक्षात आली तर

मॅन्युअल गाडीत हलकी गळती असेल तर ऑइल भरून हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. धार लागली असेल तर नाही. ऑटोमॅटिक गाडी पुढची चाके जमिनीवर फिरत राहतील अशा रीतीने दोरीने ओढून आणू नये, कारण इंजिन बंद असताना ऑइलचा पंप चालत नाही आणि आतले भाग कोरडे फिरतात. तिला सपाट ट्रकवरच चढवावे. बाटलीतून ओतायची ‘गळतीबंद’ औषधे रबर थोडे फुगवून काही काळ ठिबक थांबवतात. गाडी विकणाऱ्याला ती उपयोगी पडतील, चालवणाऱ्याला नाहीत.

काढलेले ऑइल गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, आणि आपले सगळे ओढे अखेर कृष्णा-कोयनेलाच मिळतात. दारांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून ते लावण्याची जुनी पद्धत आहे, पण धातूचे कण आणि रसायने मिसळलेले हे द्रव घरात मुलांच्या हाती लागेल अशा जागी लावणे बरे नव्हे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते मोठ्या गॅरेजमध्ये द्यावे. तिथले पिंप पुनर्प्रक्रियेसाठी जुने ऑइल गोळा करणारे घेऊन जातात.